टर्बो गाडीचा क्लच कोणी जाळला?

दोस्तहो, आज सकाळी माझी टर्बोवाली गाडी नुसती ओरडून राह्यलती, स्पीड वाढेच ना.

यवतमाळच्या मिस्त्रीनं हँडब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन बंद पडाले पायजे होतं, पण चालूच राह्यलं.

"क्लचप्लेट जळली," तो म्हणे.

मले वाटलं, हा मले फसवून राह्यला. नवी प्लेट इतक्यात कायले जळते?

तेवढ्यात बोनेटच्या फटीत झेंडूच्या पाकळ्या दिसल्या.

परवा गाडी नेरच्या साळ्यानं नेलती. फोन केला.

"कोणाच्या वरातीले लावली काय रे?"

"हो भाऊजी, पण पळवली नाही! सारा वेळ बँडच्या मागं हळूहळू होतो."

म्हणजे वरातभर हाफ क्लच, अर्धा पाय दाबून प्लेट घासून राह्यलता!

पुढच्या महिन्यात त्याचंच लग्न आहे. सांगा, चावी कुठं लपवू?