जाहीरनाम्यासाठी एक ओळ

सोनईच्या पंचक्रोशीत वैजनाथला लोक तोंडावरून कमी आणि आवाजावरून जास्त ओळखायचे. रिक्षावर कर्णा बांधून गावोगाव पुकारत फिरायचं, हा त्याचा धंदा. कुणाची म्हैस हरवली, कुठं डोळे तपासणीचं शिबिर आहे, कुणाच्या मळ्यात कीर्तन आहे, सगळं वैजनाथच्या तोंडून गावाला कळायचं. निवडणूक लागली की मात्र त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची. सकाळी छत्रीवाल्यांची रिक्षा, दुपारी कपबशीवाल्यांची. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे, कारण असा आवाज तालुक्यात दुसरा नव्हता आणि सकाळचं वाक्य दुपारी त्याच्या तोंडात कधी आलं नव्हतं.

याचं निम्मं श्रेय त्याच्या बायकोचं, सत्यशीलाचं. ती सातवी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. रोजचा पुकारा ती जाड पुठ्ठ्यावर लिहून द्यायची, छत्रीचा हिरव्या शाईनं, कपबशीचा लाल शाईनं. तीस वर्षं तिनं सगळ्या पक्षांची आश्वासनं लिहिली. रस्ते, पाणी, वीज, कारखाना. स्वतःसाठी एक शब्द लिहायची वेळ तिच्यावर कधी आली नाही.

मग एका जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत, भर चौकात, हातात लाल पुठ्ठा असताना कपबशीच्या रिक्षातून वैजनाथनं ठणठणीत आवाजात छत्रीला मतं मागितली. एकदा नाही, तीनदा. कपबशीच्या पोरांनी त्याला खाली ओढलं, कर्णा आपटला. किती खाल्ले म्हणून विचारलं. तो नुसता पुठ्ठ्याकडं बघत राहिला. सत्यशीलाही त्या दिवशी त्याला नाही नाही ते बोलली. पुढं कितीतरी वर्षं तिला ते बोलणं जाळत राहिलं, कारण तो विकला गेला नव्हता, त्याचं डोकं त्याला सोडून चाललं होतं. त्याचं वय तेव्हा अठ्ठावन्न.

हे कळायला आणखी दोन वर्षं गेली. तोवर तो घरातल्या घरात मोरी विसरायला लागला होता. नगरच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, प्रश्न विचारले आणि आजाराचं नाव सांगितलं, अल्झायमर. औषधानं थोडं सावरेल, बरं होणार नाही, म्हणाले. यावर जगभर संशोधन चालू आहे, आपल्याकडंही थोडं होतंय, पण त्याला सरकारचा पैसा पुरेसा नाही. मग त्यांनी वैजनाथच्या वडलांविषयी विचारलं. सत्यशीलाला सासरा आठवला. कारभारी त्याचं नाव. साठीच्या आतच स्वतःचं शेत ओळखेना झाला होता. लोकांनी बाहेरची बाधा म्हणून अंगारे लावले आणि एक दिवस तो कालव्यात सापडला.

इतक्या लवकर येणारा हा आजार काही घरांत पुढच्या पिढीतही उतरतो, असं डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं. शेजारी मुलगी बसली होती, रुपाली, घोडेगावला दिलेली. ती मान खाली घालून पर्सची चेन उघडत मिटत राहिली.

त्या दिवसापासून सत्यशीलाला नवऱ्याच्या आजाराची भीती उरली नाही. त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिला धास्ती होती लेकीची. रुपाली चष्मा कुठं ठेवला म्हणून शोधायला लागली तरी ही हातातलं काम टाकून तिच्याकडं बघत राहायची. हातात वीस एक वर्षं आहेत, तेवढ्यात कुणीतरी औषध शोधलं पाहिजे, एवढाच विचार तिच्या डोक्यात घोळायचा.

म्हणून विधानसभेची निवडणूक लागली आणि अण्णासाहेब हात जोडत दारात आले, तेव्हा तिनं चहाबरोबर त्यांच्या हातात पुठ्ठा दिला. हे अण्णासाहेब या भागातले उमेदवार. चार निवडणुकांत वैजनाथ त्यांचा आवाज होता. पुठ्ठ्यावर काळ्या शाईत लिहिलं होतं की स्मृतिभ्रंशाच्या संशोधनाला सरकारनं पैसा द्यावा आणि जिल्ह्यात त्याच्या तपासणीचं केंद्र काढावं. जाहीरनाम्यात एवढी एक ओळ घाला, असं तिचं मागणं होतं.

अण्णासाहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी ते दोनदा वाचलं, खाटेवर बसलेल्या वैजनाथच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग पुढाऱ्यासारखं बोलले.

"वहिनी, एका घराचा मुद्दा होत न्हाई. माणसं उभी राहिली पायजेत. मला घरं दाखवा, मी वर भांडतो."

सत्यशीला घरं शोधायला निघाली. घरं होती, लई होती. एकीकडं म्हातारीला दाव्यासारख्या दोरीनं खांबाला बांधलेलं, एकीकडं बाहेरून कडी. पण विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, वय झालंय हो, दुसरं काय. छबूबाई नावाच्या बाईनं तेवढं खरं सांगितलं. तिची सासू स्वतःच्या लेकाला चोर म्हणून दगड मारायची. छबूबाई रडली, सगळं बोलली, आणि कागदावर सही मागताच हात मागं घेतला. घरात लग्नाच्या दोन पोरी आहेत, म्हणाली. वेड्यांचं घराणं म्हणून एकदा नाव पडलं की संपलं.

पंधरा दिवस वणवण करून कागद कोराच राहिला. सत्यशीलाला त्या बायांचा संताप आला होता. अण्णासाहेबांचा निरोप आला की कागद राहू द्या, रविवारी सभेला दोघं या, मीच तिथं विचारतो. तुमी उभ्या राहिला की बाकीच्यांना धीर येईल. तिनं होकार कळवून टाकला.

हे रुपालीला कळलं तशी ती पहिल्या एसटीनं आली. पायसुद्धा धुतले नाहीत. तिच्या मुलीला, राजनंदिनीला, चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा राहुरीचा, नोकरीला. पुढच्या आठवड्यात बोलणी होती. आजोबांचं थोडं वयामुळं असं होतं, इतकंच रुपालीनं सासरी आणि राहुरीच्या पाहुण्यांना सांगितलं होतं.

"आगं, हे मी तुझ्यासाठीच करतीय," सत्यशीला म्हणाली.

"मला म्हाईत हाय, आई. माझं व्हायचं ते हुईल. माझ्या पोरीचं मोडू नको."

सत्यशीलानं लेकीला भाकरी वाढली.

रविवारी मंडप गच्च भरला होता. सत्यशीला वैजनाथला धुतलेला सदरा घालून घेऊन आली. लेकीला तिनं काहीच वचन दिलं नव्हतं आणि मंडपात पाऊल टाकेपर्यंत स्वतःचंही काही ठरलं नव्हतं. दोन ओळी पुढं रुपालीची सासू विजयमालाबाई बसलेली दिसली. तिनं मागं वळून व्याह्यांना नमस्कार केला.

अण्णासाहेब कांद्यावर बोलले, पाटपाण्यावर बोलले. मग त्यांनी शब्द पाळला. आपल्या घराघरांत एक आजार लपून बसलाय, म्हणाले, माणूस जिवंत असतो आणि त्याचं सगळं पुसलं जातं. यावर संशोधन व्हायला पाहिजे, सरकारनं पैसा टाकायला पाहिजे.

"हा मुद्दा मी मुंबईपर्यंत नेतो. पन लोकांनी मागितलं, असं मला सांगता आलं पायजे. ज्यांच्या घरात असं मानूस हाय, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. छबूबाई पदराशी चाळा करत होती. बाया एकमेकींकडं बघत होत्या. अण्णासाहेबांची नजर फिरत फिरत सत्यशीलावर येऊन थांबली. तिनं हात उचलला असता तर आणखी चार वर गेले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. विजयमालाबाईही इतरांसारखी मान वळवून कोण हात करतंय ते बघत होती. सत्यशीलाचा हात मांडीवरच राहिला.

तेवढ्यात शेजारी हालचाल झाली. सभेत कुणी हात वर करा म्हटलं की करायचा, एवढं वैजनाथच्या अंगात अजून उरलं होतं. त्यानं हसत हसत हात वर केला, सगळ्या मंडपात एकटा.

सत्यशीलानं तो हात मनगटाशी धरून खाली ओढला आणि अण्णासाहेब पुढच्या विषयाकडं वळेपर्यंत आपल्या पदराखाली घट्ट दाबून ठेवला.