आमराईतला हंबरडा

ही हकीकत सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. येरमाळ्याच्या येडाईचा, म्हणजे येडेश्वरी देवीचा, काही अनुभव आला का, असं कुणी विचारलं की वरवरचं काहीतरी सांगून विषय बदलायचो. कारण कृपा झाली ती माझ्या पत्नीवर, आणि तिला त्या कृपेची गरज पडावी अशी वेळ आणली होती मी.

आमचा एकुलता मुलगा संतोष सैन्यात होता. तो सीमेवर गेला आणि तिरंग्यात गुंडाळून येरमाळ्याजवळच्या आमच्या गावी आला. आमच्याकडं मयताच्या घरी बायका गळ्यात पडून, हेल काढून रडतात. गेलेल्याचं लहानपण, त्याच्या खोड्या, सगळं त्या रडण्यात येतं. हिनंही सुरुवात केली, "माझ्या वाघा, धपाटे करून ठिव म्हनला व्हतास रं..." अंगणात माणसं मोबाईल धरून उभी होती. मी शाळामास्तर. दर पंधरा ऑगस्टला पोरांना देशभक्तीचे सिनेमे दाखवलेले. त्यांत शहिदाची आई कोरड्या डोळ्यांनी ताठ उभी राहते, बाप सलाम करतो, मागं बिगुल वाजतं. मला तेच खरं वाटत आलं होतं. हिचं मनगट दाबून मी म्हणालो, "गप. समदे बघत्यात. वीराची आई रडत नसती."

ती गप्प झाली. मी सलाम ठोकला. लोकांनी वाखाणलं, आणि लिहायला लाज वाटते, पण त्या गर्दीत मला क्षणभर बरंही वाटलं.

त्यानंतर ती रडलीच नाही. सख्खा भाऊ गेला तरी डोळ्यांत पाणी नाही. जेवण तुटलं, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं म्हणायची. डॉक्टरांना तपासण्यांत काही सापडेना. येडाईच्या चैत्रातल्या यात्रेला जायचं तिनंच काढलं. माझा देवावरचा विश्वास तोवर उडाला होता. तिला एकटीला कसं सोडायचं, म्हणून गेलो.

देवीची पालखी आमराईकडं निघाली की वाटेत भाविक सेवा म्हणून चुनखडीचे खडे वेचतात. ही वाकून वेचत होती. शेजारी बोलण्यावरून परंड्याकडची वाटणारी एक अनोळखी बाई पदरात खडे गोळा करत होती. तिनं सहज विचारलं, "लेकरं किती गं, माय?"

"एक व्हता."

"व्हता?" बाई थांबली. हिच्या तोंडाकडं बघत राहिली. "आन् रडली न्हाईस व्हय अजून? रड की. हितं कोन हाय तुला आडवाया?"

अडवणारा मागंच उभा होता.

हिनं त्या बाईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. अंगणात मी तोडलेला हेल तिनं तिथं पुरा केला, धपाट्यांपासून पाळण्यापर्यंत. बाई तिला थोपटत राहिली आणि पालखी पुढं सरकली तशी गर्दीत निघून गेली. नाव विचारायचं राहिलं. ती कोण होती, यावर मी वाद घालणार नाही. त्या दिवशी घरी आल्यावर ही पोटभर जेवली, एवढं मला माहीत आहे. दुःख कसं करायचं हे ठरवणारा मी कोण, ते देवीच्या हाती सोडायचं असतं, हे मला तिथं कळलं. आई येडेश्वरी, तुझे उपकार फिटणार नाहीत.

पण कळलं तरी वळलं नाही. पुढं एकदा हिवाळ्यात टीव्हीवर तसलाच सिनेमा लागला होता. शवपेटीपुढं ताठ उभी असलेली आई बघून ही हळूच म्हणाली, "ही बाई घरी गेल्यावर काय करती, ते न्हाईत दावीत."

मी सांगायला हवं होतं, की चुकलो, तुझं रडणं मी लोकांसाठी हिसकावून घेतलं. शब्द ओठांवर आले होते. ती माझ्याकडं बघत थांबलीही होती.

मी म्हणालो, "सिनेमाच हाय त्यो."

"व्हय," म्हणून ती चहा ठेवायला उठली. त्याच हिवाळ्यात ती गेली.