हजेरीचा दिवस

जिल्हा नवा होता. फीत कापून झाली, हार आणि भाषणं संपली, आणि मांडव उतरल्यावर कळलं की आमच्या कार्यालयाला पाटी मोठी आहे, टेबल आहे, खुर्ची मात्र एकच. मी प्रोबेशन अधिकारी. कोर्टाने तुरुंगात न धाडता बाँडवर सोडलेल्यांवर देखरेख ठेवायची, हे माझं काम. लातुरात मला ओळखणारं कुणी नव्हतं. देखरेखीखालीही त्या वर्षी माणूस एकच होता.

तो चाकूरकडचा, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठा. दुष्काळात टँकरच्या रांगेत भांडण झालं, त्याने एका म्हातारीला ढकललं, तिचा हात मोडला. वर्षभराचा बाँड. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझ्यापुढे हजेरी. चुकली तर मी कोर्टाला कळवायचं, म्हणजे पुढे तुरुंग. तो यायचा, सही करायचा. मी त्याला खुर्ची देऊन स्वतः टेबलावर टेकायचो, चहा सांगायचो, पावसाचं विचारायचो. पाऊस नव्हता, त्यामुळे विषय लांबत नसे. तरी त्या सोमवारची मी आठवडाभर वाट बघायचो.

सहाव्या महिन्यात तो आला नाही. नियम मोडला म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटत होतं ते दोन चहा सांगून बसल्याचं. कोर्टाला कळवायचा कागद तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी एसटीने त्याच्या गावी गेलो.

तो टँकरच्या रांगेत होता, दोन हातांत दोन घागरी.

"काल हजेरी होती," मी म्हणालो.

"टँकरच दुपारी आला, साहेब. म्हातारीचं पाणी भराय लागतं. गावानं बसून ठरवलंय, तिचा हात बरा होईस्तोवर मीच भरायचं."

"आणि तुम्ही तुरुंगात गेलात तर कोण भरणार?"

"त्योच इचार करायलोय कालपासून."

म्हातारी दारात बसली होती, हात गळ्यातल्या फडक्यात. मला बसायला तिने पोतं अंथरलं, नेमकं त्याच हाताने. तो पाणी ओतायला आत गेला होता.

"हात बराय की, आजी."

"त्याला नका सांगू, साहेब. लेकं पुण्याला असत्यात. हा येतो, घागर ठिवतो, बसतो घडीभर."

तो मला थांब्यापर्यंत सोडायला आला. "म्हातारीचा हात कवाच बरा झालाय," तो म्हणाला. "तिला वाटतंय मला ठावं न्हाई."

"मग?"

"मग काय. एकटीच असती."

थांब्यावरच त्याची सही घेतली. हजेरी मी गुरुवारवर नेली. त्या दिवशी टँकर नसे.

अशा माणसाला मुदतीआधी मोकळं करा, अशी शिफारस कोर्टाकडे करता येते. एका पानाचं काम. नव्या जिल्ह्यातली ती पहिलीच ठरली असती, वरच्यांनी तिचाही समारंभ केला असता. मी ती केली नाही. उरलेले सहा महिने तो येत राहिला, चहा पीत राहिला.

शिफारशीचं त्यालाही ठाऊक होतं का, हे मी कधी विचारलं नाही.