फुडे जावन चाय सांगतंय

इतर सायकल ग्रुप किलोमीटर जमवतात, आमच्याकडे किस्से जमतात. दर रविवारी सकाळी मुलुंड ईस्टहून निघायचं, हायवेच्या सर्व्हिस रोडने विक्रोळी, तिथून पवईचा चढ आणि वर तलावाजवळच्या टपरीवर चहा. बस, एवढंच! एवढ्याशा रस्त्यावर काय घडणार, असं कुणालाही वाटेल. पण आम्हाला पुढच्याला ओव्हरटेक कसं करायचं हे एकच कोडं कधी सुटलं नाही आणि त्यातून सगळे किस्से झाले.

आम्ही चौघं. ग्रुपचा ॲडमिन नितीन, याला नियम करायची भारी हौस. कुणाल, वय सत्तावीस, सायकल इतकी हलकी की करंगळीने उचलावी. मी मेधा, एका लॅबमध्ये दिवसभर रक्ताचे रिपोर्ट बघते आणि तिथे मला सगळं स्पष्ट कळतं. आणि चौथे सावंत काका, नितीनच्या सोसायटीतले. वय अडुसष्ट, हृदयात एक स्टेंट. मूळचे मालवणकडचे आणि विक्रोळीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. काळी, कॅरियरवाली जुनी सायकल.

काकू गेल्यावर काका दोन वर्षं बिल्डिंगच्या गेटबाहेर पडले नव्हते. डॉक्टर सांगून थकले. नितीनने एका रविवारी त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं. पहिल्याच दिवशी काकांनी बजावलं, "मी तुमका अडचण झालंय तर सरळ सांगा. फुडच्या रविवारी मी येवचंय नाय."

आणि आमची वाट लागली. कारण काका फार हळू चालवायचे.

*

त्याच दिवशी भांडुपच्या पुढे मी काकांच्या मागे पोचले. आता काय करू? नितीनचा नियम होता, "मोठ्याने 'पासिंग' ओरडा आणि उजवीकडून जा." पण वडिलांच्या वयाच्या माणसावर मागून ओरडायचं? घंटी वाजवावी, तर ती रिक्षावाल्यांना वाजवतात. नुसतंच पुढे जावं, तर उद्धट दिसतं. नमस्कार करावा तर एक हात सुटतो!

विचार करत करत मी त्यांच्या मागेच राहिले. ते हळू झाले की मी हळू. ते थांबले की मी थांबायची. असं कांजुरमार्गपर्यंत चाललं. शेवटी काकांनी सायकल फुटपाथला लावली, खाली उतरले आणि वळून माझ्याकडे बघत विचारलं,

"बाय, काय व्हया तुका?"

मला हवी होती फक्त पुढे जायला वाट, पण मी मागितलं पाणी.

*

नितीन म्हणाला, प्रॉब्लेम आवाजाचा आहे. ओरडलं की अपमान वाटतो, तेव्हा आवाज प्रेमळ पाहिजे. पुढच्या रविवारी पठ्ठ्याने हँडलला रबरी भोंपू लावून आणला. पों-पों! दचकायला होत नाही, राग येत नाही, एकदम झकास.

काका वीस हात पुढे होते. नितीनने भोंपू वाजवला. काकांना कळलं नाही, म्हणून पुन्हा वाजवला. तिसऱ्यांदा वाजवल्यावर शेजारच्या बिल्डिंगची पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि एक बाई हातात पातेलं घेऊन ओरडल्या,

"ए अण्णा, दोन प्लेट! चटणी जास्त दे हां!"

सकाळी सायकलवरून इडली विकणारे हाच भोंपू वाजवतात, हे नितीनच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो बाईंना समजावेपर्यंत खाली आणखी दोघं डबे घेऊन उभे राहिले. आणि काका? काका कधीच थांबले होते आणि खिशातून सुटे काढत होते.

"माका चार," ते म्हणाले, "सांबार नको."

*

त्या दिवशी टपरीवर कुणालने सरळ विचारलं, "काका, तुमच्या काळात ओव्हरटेक कसं करायचे?"

काका पहिल्यांदाच भरभरून बोलले. सकाळच्या पाळीला शेकडो सायकली एकदम निघायच्या. त्यात म्हातारे असायचे, कुणी आजारी, कुणी डबल ड्यूटी करून थकलेले. त्यांना घंटी मारायची नाही, ओरडायचं नाही. त्यांच्या बरोबरीला यायचं, पाय थांबवायचे, म्हणायचं, "फुडे जावन चाय सांगतंय," आणि मग पुढे जायचं. आणि पुढे जाऊन कॅन्टीनमध्ये त्या माणसाचा चहा खरोखर सांगून ठेवायचा. म्हणजे तो मागे पडला, असं नाही. तुम्ही त्याच्या कामासाठी पुढे गेलात!

"पण पाय कशाला थांबवायचे?" नितीनने विचारलं.

"तेका दिसाक नको, की तू जोर लावतंस."

"आणि चढावर? चढावर पाय थांबवले की सायकल थांबते ना काका!"

"थयच तर गंमत आसा. जेच्याकडे दम उरता, तोच पाय थांबवू शकता."

मी विचारलं, "आणि कुणी चहा न सांगताच पुढे गेला तर?"

"तर समजायचा," काका म्हणाले, "तो आता फोरमन झालो."

*

आम्ही लगेच हा नियम स्वीकारला. नितीनने तर तो ग्रुपवर टाकून पिन केला. पण नियम ज्या लोकांसाठी होता ते कामावर जाताना एकमेकांना एकदाच मागे टाकत. आम्ही तिघं मात्र रस्ताभर एकमेकांना ओव्हरटेक करत होतो.

मी कुणालला मागे टाकलं, म्हणजे त्याचा चहा माझ्याकडे. पुढे त्याने मला टाकलं, म्हणजे माझा त्याच्याकडे. नितीनने आम्हा दोघांना टाकलं, मग तो फोटो काढायला थांबला आणि आम्ही दोघांनी त्याला टाकलं. चढावर कुणीच पाय थांबवायच्या फंदात पडलं नाही, नुसतं धापा टाकत "चाय सांगतंय" म्हणायचो. टपरीवर पोचून जो तो इमानदारीत आपापल्या वाट्याचे चहा सांगत सुटला. चहावाला गोंधळला, आम्ही त्याहून गोंधळलो. माणसं चार आणि बाकड्यावर अकरा ग्लास!

त्यात कुणालने कहर केला. वाटेत एका मोठ्या क्लबचे रंगीत जर्सीवाले सायकलवाले त्याने धडाधड मागे टाकले आणि सवयीने प्रत्येकाला सांगितलं, "आगे जाके चाय बोलता हूँ!"

आम्ही अकरावा ग्लास कुणी प्यायचा यावर वाद घालत असताना तो अख्खा क्लब टपरीसमोर येऊन थांबला. त्यांच्या कॅप्टनने हेल्मेट काढलं आणि विचारलं,

"हां भाई, किधर है हमारी चाय?"

*

कुणालची जिरवली ती एका पाववाल्याने.

पवईचा चढ. कुणाल सीटवरून उठून जोर लावत होता, घड्याळात हृदयाचे ठोके बघत होता. इतक्यात मागून एक पाववाला आला. कॅरियरवर पावाची ही मोठी गोणी, पायात स्लीपर. तो कुणालच्या बरोबरीला आला, चढावर त्याने चक्क पाय थांबवले, कुणालकडे बघून हसला आणि म्हणाला,

"आगे चाय बोल देता हूँ, आरामसे आओ."

आणि गेला! कुणाल वर पोचला तेव्हा पाववाला नव्हता. पण चहावाल्याने त्याच्या हातात गरम ग्लास ठेवला. "पाववाला बोलके गया, नयी साइकिलवाला लडका आएगा."

कुणाल हैराण. काका वर पोचताच त्याने विचारलं, "काका, हा नियम त्याला कसा माहीत?"

काकांनी शांतपणे घोट घेतला. "तेचो बापूस आमच्या कॅन्टिनीक पाव घालीत होतो."

त्यानंतर कुणालने घड्याळ घालणं सोडलं.

*

यानंतर जे झालं ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

त्या रविवारी आम्ही तिघांनीही काकांना एकेक करून मागे टाकलं. अगदी रीतसर, "चाय सांगतंय" म्हणून. तिघांनीही त्यांचा एकेक चहा सांगितला. काका आले ते बऱ्याच वेळाने. बाकड्यावर त्यांच्या नावाचे तीन ग्लास ओळीने ठेवलेले, तिन्हींवर साय धरलेली. आम्ही म्हटलं, काका, राहू द्या, दुसरा सांगतो. पण काका बसले आणि त्यांनी तिन्ही थंडगार चहा एकामागून एक पिऊन टाकले.

संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. "आतापासून येवचंय नाय. माका उशीर होता नि तुमची चाय थंड होता."

मी तो मेसेज किती वेळा वाचला असेन! ज्यांना गेटबाहेर काढायला दोन वर्षं लागली होती, त्यांना आम्ही आदर दाखवून दाखवून पुन्हा घरात बसवलं होतं. आता हा माणूस परत आत गेला, तर पुन्हा बाहेर येणार नाही, याची मला खात्री होती.

आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. सून दारातच हळूच म्हणाली, "बाबा सकाळपासून जेवले नाहीत, काही झालंय का?" आम्ही काकांच्या हातापाया पडलो. नितीनने तिथल्या तिथे नवा नियम केला, की यापुढे काकांना कुणीही ओव्हरटेक करायचं नाही. काका "बघतंय" एवढंच म्हणाले.

*

पुढच्या रविवारी काका आले. सगळ्यात पुढे काका, मागे नितीन, त्याच्या मागे मी, शेवटी कुणाल. एका रांगेत, एका वेगात. म्हणजे वेग असा नव्हताच. कुणालची सायकल एवढ्या हळू चालवता येत नाही, तो डगमगत होता. कांजुरमार्गला मॉर्निंग वॉकच्या एक आजी, साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या, आम्हाला मागे टाकून पुढे गेल्या! जाता जाता मला म्हणाल्या, "चालू दे हो तुमचं सावकाश."

त्या आवाजाने काकांनी मागे वळून पाहिलं. तिघं ओळीत, मान खाली, तोंडातून शब्द नाही. काकांनी कचकन ब्रेक मारला.

"अरे मेल्यांनु, मी अजून जिवंत आसंय! मयताक चलल्यासारखे मागसून कित्याक येतास?"

पुढे जावं तर चहा थंड होतो, मागे राहावं तर मयत होतं. मग राहायचं तरी कुठे?

"फुडचो रविवार शेवटचो," काका म्हणाले आणि सायकल वळवून घरी निघून गेले.

*

तो शेवटचा रविवार उजाडला. नितीनने एकही नियम सांगितला नाही, यावरून काय ते समजा. चढाच्या पायथ्याशी कुणालची चेन उतरली आणि नितीन त्याच्यासोबत थांबला. चढावर उरलो काका आणि मी.

मी रात्रभर विचार करून ठरवलं होतं. आज एकदा तरी काकांना बरोबर रीतीने मागे टाकायचं. वर जाऊन चहा सांगायचा आणि ते आले की गरमच हातात द्यायचा. निदान शेवटचा चहा तरी थंड नको.

मी जोर लावला, काकांच्या बरोबरीला आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आणि अगदी रीतीप्रमाणे पाय थांबवले.

सायकल थांबली!

बोलायला तोंड उघडलं, पण धाप इतकी लागली होती की शब्दच फुटेना. मी एक पाय रस्त्यावर टेकून उभी, तोंड तसंच उघडं. काका पुढे गेले. मग त्यांनी काय केलं, तर उतारावर वळून ते पुन्हा माझ्या मागे गेले, तिथून चढ चढत माझ्या बरोबरीला आले आणि त्या चढावर, त्या जुन्या काळ्या सायकलवर, त्यांनी पाय थांबवले. एक, दोन, तीन! सायकल चालतच होती.

"फुडे जावन चाय सांगतंय," काका म्हणाले. अजिबात धाप नव्हती.

आणि ते गेले. माझ्या डोळ्यांदेखत वळणापलीकडे दिसेनासे झाले. मी सायकल ढकलत ढकलत वर पोचले तेव्हा काका बाकड्यावर आरामात बसले होते. शेजारी माझा ग्लास, त्यावर बिस्किटांचा पुडा झाकून ठेवलेला. मी पुडा उचलला तर चहातून वाफ निघत होती.

मी बसले. धाप ओसरायला बराच वेळ गेला. मग भीतभीतच विचारलं, "काका, आज शेवटचा रविवार ना?"

काकांनी पुड्यातलं एक बिस्किट काढलं, चहात बुडवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोणाचो गो?"