भिंतीवरचं पाणी

नदीकाठच्या देवळांपुढे आणि थडग्यांपुढे तेवीस वर्षं प्रवाशांचे फोटो काढणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘हसामामा’ म्हणत. गिऱ्हाईक उन्हानं वैतागलेलं असो नाहीतर नवऱ्याशी भांडून आलेलं, याचं आपलं एकच पालुपद, “हसा!” यंदा मात्र मामा स्वतःच हसायचं विसरला होता.

कारण तिसऱ्या थडग्यात होतं. आतल्या भिंतीवर नावेत बसलेली बाई रंगवलेली, मांडीवर मूल. रंग पार विटलेले. मामाला फार पूर्वी एक युक्ती सापडली होती. बाटलीतलं ओंजळभर पाणी भिंतीवर मारलं की निळा रंग कालच दिल्यासारखा उजळे. फोटो झकास येई, गिऱ्हाईक खूश, आणि पाणी वाळलं की कोणाला पत्ता नाही. पण पाणी पिऊन पिऊन भिंत पोपडे टाकू लागली. यंदा अख्खं मूल गळून पडलं आणि बाईच्या मांडीवर नुसता चुना उरला.

आळ आला राखणदारावर. हा म्हातारा मामाला धाकट्या भावासारखा मानायचा. आत जागा कमी, म्हणून मामा गिऱ्हाईक घेऊन गेला की हा बाहेर पायरीवर बसून राहायचा. छत गळूनच भिंत गेली असणार आणि ती गळती यानं वेळेवर कळवली नाही, म्हणून पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी त्याला घरी बसवायचं ठरवलं.

“खरंच गळत असेल रे,” म्हातारा मामाला म्हणाला. “माझ्याच डोळ्यांना दिसलं नसेल.”

मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंड उघडलं नाही पठ्ठ्यानं. साहेबांनी नुसतं पाहिलं तरी दचकायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आणि साहेबांनी त्यालाच बोलावलं. दुरुस्तीसाठी चित्राचे जुने फोटो हवे होते. घरी मामानं नमुन्याच्या फोटोंची पेटी उपसली. पहिल्या वर्षाचा एकच फोटो कोरड्या भिंतीचा होता. बाकी सगळ्यांत भिंत चकचकत होती, ओघळ दिसत होते, आणि वर्षागणिक मूल थोडंथोडं कमी होत होतं.

“तो एकच द्या की,” बायको म्हणाली. “आपलं पोट आहे त्या काठावर.”

मामाला रात्रभर ते मूल दिसत राहिलं. सकाळी त्यानं सगळे फोटो साहेबांच्या टेबलावर वर्षावार मांडले. राखणदारही तिथेच उभा होता.

“हे पाणी छताचं नाही, साहेब. मी मारायचो. दादांना यातलं काही ठाऊक नव्हतं.”

साहेब बोलायच्या आत म्हाताऱ्यानं एक फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला.

“रोज तुझी बाटली मीच भरून द्यायचो की रे,” तो म्हणाला. “मला वाटायचं, उन्हात उभा असतोस, तहान लागत असेल.”