खलास झालेल्या विल्सनचे कपडे

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. म्हणजे आता नाही. अठ्ठ्याण्णव साली, शारजात, तीन आठवडे होता. त्या तीन आठवड्यांत मी काय करून बसले ते आमच्या घरात आजही माझ्यासमोर कोणी बोलत नाही. पण तुम्ही आपली माणसं, म्हणून सांगते.

आम्ही नुकतेच पुण्याहून आलो होतो. माझे यजमान शिरीष, त्यांची नोकरी दुबईला, जबल अलीत. पहाटे साडेपाचला कंपनीची बस त्यांना घेऊन जायची ती अंधार पडल्यावर आणून सोडायची. आमची केतकी दुसरीत. सातला तिची स्कूलबस गेली की पाचशेचार नंबरच्या त्या फ्लॅटमध्ये मी एकटी आणि एसीची घरघर. अकराला माझं ऑफिस.

सामान लावताना भिंतीतल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक बॅग सापडली. आधीच्या भाडेकरूची. आत आठ-दहा पुरुषी शर्ट आणि एक तपकिरी कोट. बॅगेच्या टॅगवर नाव, विल्सन परेरा.

मी खाली जाऊन वॉचमन गुल खानला विचारलं, "ये विल्सन साब कहाँ मिलेगा?"

त्याने जपाची तसबीह ओढायची थांबवली. "विल्सन साब? वो तो खलास, मॅडम."

"खलास मतलब?"

"खलास मतलब खलास. सुबह था, शाम को नहीं. एक दिन में खलास." आणि त्याने हवेत हात झटकला.

आता सांगा, याचा अर्थ तुम्ही काय घेतला असता?

मेलेल्या माणसाचे कपडे घरात नकोत म्हणून मी त्याच शुक्रवारी ते द्यायचं ठरवलं. आमच्या मागच्या गल्लीत जुन्या वस्तूंचं धर्मादाय दुकान होतं. लोकांनी दिलेलं विकायचं आणि पैसा गरजूंना. दारावर पाटी होती की वस्तू फक्त चार ते सहा या वेळात, हातात आणून द्याव्यात, बाहेर टाकू नयेत. पण शुक्रवारची सुट्टी, सकाळी शिरीष घरी, गाडी रिकामी, पार्किंग मोकळं. आणि पाटी वाचून तिथेच पिशव्या टाकून जाणारी मी काही एकटी नव्हते. शटरसमोर ढीग होता. फुटलेला मायक्रोवेव्ह, तीन पायांची खुर्ची, फाटक्या पिशव्यांतून बाहेर आलेले कपडे, त्यांवर झोपलेली दोन मांजरं. जानेवारीच्या धुक्याने सगळं ओलं झालेलं.

मला ते बघवेना. मी माझी पिशवी त्या घाणीपासून लांब, चार पावलं डावीकडे, शटरला टेकवून नीट ठेवली. कोट तेवढा ठेवून घेतला. कापड फार चांगलं होतं आणि शिरीषना बसत होता.

सोमवारी सकाळी केतकीला बसला सोडायला दार उघडलं, तर कडीला बाहेरून एक पुडकं बांधलेलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. आत विल्सनचे शर्ट. धुतलेले, इस्त्री केलेले, घडी घातलेले. एका शर्टाचं तिसरं बटण नव्हतं, मला पक्कं आठवत होतं. ते लावलेलं होतं.

मी तशीच दारात उभी. केतकी म्हणाली, "आई, बस विल गो."

रात्री शिरीष म्हणाले, "गुल खानने आणले असतील."

"विचारलं मी. नाही म्हणाला."

"मग दुकानवाल्यांनी परत पाठवले. पाटी लावूनही बाहेर टाकलेस म्हणून."

"इस्त्री करून? आणि त्यांना आपलं घर कसं कळलं?"

शिरीष जेवून झोपले.

पुढच्या शुक्रवारी मी तीच पिशवी तिथेच ठेवली. या वेळी तोंडाला तीन गाठी मारल्या. सोमवारी शर्ट कडीला हजर. आता स्टार्चसुद्धा केलेला. मी एक उलगडून बघितला. कॉलरच्या आत, काळ्या शाईत, एक छोटा त्रिकोण आणि खाली ५०४. सगळ्या शर्टांवर. त्रिकोण आणि ५०४.

म्हणजे हा माणूस गेला, पण जाताना कपड्यांवर घराचा पत्ता लिहून गेला. असं मला वाटलं. हसू नका. सकाळी आठ वाजता, बंद फ्लॅटमध्ये, हातात तो शर्ट धरून तुम्ही बसून बघा. त्या दिवसापासून मी वरच्या कप्प्याकडे पाठ करून बसायचं बंद केलं. ऑफिसला दीड तास आधी जायला लागले.

कोट ठेवून घेतल्यामुळे तो येतोय, असं मी मनाशी पक्कं केलं. तिसऱ्या शुक्रवारी शर्टांबरोबर कोटही नेऊन ठेवला. मनातल्या मनात माफी मागितली.

सोमवारी बाहेर दाट धुकं होतं. केतकी बूट घालून दाराशी गेली, स्टुलावर चढून तिने दारातल्या भिंगातून बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, देअर इज अ मॅन आउटसाइड."

"कोण आहे?"

"आय डोन्ट नो. ही हॅज नो हेड."

मी भिंगाला डोळा लावला. अर्ध्या हातावर, दाराला लागून, रुंद खांदे. तपकिरी कोट. कॉलर. आणि कॉलरच्या वर काहीही नाही.

केतकीची बस तिला न घेताच गेली. आम्ही दोघी बेडरूममध्ये कडी लावून बसलो. नऊ वाजता झाडूवाला आला, त्याने बेल वाजवून सांगितलं की तुमचा कोट चौकटीला हँगरवर लटकतोय, लादी पुसायला अडचण होते.

मी शिरीषना सांगून टाकलं. एकतर फ्लॅट बदला, नाहीतर मी केतकीला घेऊन पुण्याला जाते. बिचारे अजमानला फ्लॅट बघायला लागले.

ऑफिसात माझ्या शेजारी वसईची फिलोमिना बसायची. तिला सगळं सांगितलं. ती गंभीर झाली. "अगं, त्याच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये कोणी मिस्सा दिली नसेल, प्रार्थना केली नसेल. अचानक गेला ना? घरचे लांब. म्हणून कपडे घेऊन फिरतो बिचारा."

"मग काय करायचं?"

"शुक्रवारी शारजाच्या चर्चमध्ये नाव देऊ. मी दुबईच्या चर्चला जाते, पण तो इथला ना, इथेच दिलेलं बरं."

मीच चिठ्ठीवर नाव लिहिलं. सुवाच्य अक्षरात, विल्सन परेरा. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी मागच्या बाकावर बसलो. मी पहिल्यांदाच चर्चमध्ये आले होते. फिलोमिना उठली की उठायचं, बसली की बसायचं. कॉयरचं गाणं इतकं छान होतं की तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं.

मग फादर मृतांची नावं वाचायला लागले. चौथं नाव वाचलं, "विल्सन परेरा," आणि ते थांबले. चष्मा काढला. चिठ्ठी पुन्हा वाचली. आणि हळूहळू मान वळवून कॉयरकडे बघितलं. कॉयरमधले सगळे एकाच माणसाकडे वळून बघत होते. मागच्या रांगेतला, टक्कल पडलेला, चांगला जाडजूड गृहस्थ. तो आपल्या छातीवर बोट ठेवून उभा होता.

फिलोमिना कानात पुटपुटली, "चल, निघू या." पण मी बाकाला धरून बसून राहिले.

मिस्सा संपल्यावर अंगणात तो आमच्यासमोर आला. मराठीत म्हणाला, "बाय, चिठ्ठी तुम्ही दिली म्हणतात. मी कधी मेलो?"

मी म्हटलं, "वॉचमन म्हणाला, खलास."

"कॉन्ट्रॅक्ट खलास झालं हो. एका दिवसात दुसरी नोकरी लागली, जबल अलीला कंपनीच्या रूमवर गेलो. फक्त शुक्रवारी गायला येतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझा मामेभाऊ पुढच्या बाकावर होता. मान खाली घालून रडत होता, वर बघितलंच नाही, आता फोन लावायला धावलाय वसईला. आधी त्याला पकडू द्या."

मामेभावाला फोनबूथमध्ये गाठलं. रिंग जात होती. विल्सनच्या वसईतल्या म्हाताऱ्या आईने उचलायच्या आत त्यानेच फोन ठेवला. माझं त्या क्षणी काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

मग मी सगळी हकीकत सांगितली. शर्ट, बटण, त्रिकोण, बिनडोक्याचा कोट. तो ऐकत राहिला आणि एकच प्रश्न विचारला. "पिशवी नक्की कुठे ठेवलीत?"

चार वाजता शिरीष, मी, विल्सन, आणि पिशवीभर कपडे असे त्या गल्लीत पोहोचलो. दोन्ही शटर उघडी होती. उजवीकडे धर्मादाय दुकान. आणि चार पावलं डावीकडे, जिथे मी घाण टाळून नीटनेटकी पिशवी ठेवत होते, तिथे कुट्टीची लाँड्री. वर हातभर बोर्ड होता. मी तीन आठवडे खाली बघूनच ठेवत आले होते.

कुट्टी इस्त्री बाजूला ठेवून म्हणाला, "सब बॅचलर लोग जुम्मा को बाहर रखके जाता. मैं नंबर देखता. त्रिकोण तुम्हारा बिल्डिंग, पाँच सौ चार रूम. विल्सन साब पहले बोला था, शिफ्ट है, सोता है, घंटी मत मारना. इसलिए चुपचाप टाँगता, पैसा महीने के बाद." मग त्याने विल्सनकडे बघितलं. "साब, तुम बहुत मोटा हो गया."

म्हणूनच तो ते कपडे सोडून गेला होता. "देऊन टाका," विल्सन म्हणाला. "मला एकही होत नाही."

म्हणून या वेळी मी पाटीवर लिहिल्याप्रमाणे, वेळेत, हातात घेऊन, योग्य दारातून आत गेले. काउंटरवर एक वयस्कर गोरी बाई होती. तिने एकेक शर्ट उलगडला, बटणं बघितली, कोटावरून हात फिरवला. तिचे डोळे पाणावले. म्हणाली, लोक आमच्या दाराबाहेर रात्रंदिवस कचरा टाकून जातात. कोणी असं धुऊन, स्टार्च करून, बटणं लावून आणत नाही. तुमच्या फार जवळचे होते का हे गृहस्थ? कधी गेले?

विल्सन माझ्या मागेच उभा होता. इंग्रजीत अदबीने म्हणाला, "धिस मॉर्निंग, मॅडम. इन चर्च."

बाईने काउंटरवरून वाकून माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, धीर धरा, दिवस जातील तसं सोपं होईल.

आणि नवरा शेजारी, मेलेला मागे उभा असताना मी पदराने डोळे पुसले आणि तिला थँक यू म्हटलं.