नोक आणि नको

मी नि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे बंदुकीच्या गोळ्या उलट्या करून त्यांच्या डोक्यावर उभ्या करणं. दुपारचं जेवण झालं होतं. चिक्कडपल्लीच्या खोलीत ती तडा गेलेला जुना पोळपाट घेऊन बसली होती. पोळ्यांचा वेगळा.

मी गौलीगुड्याकडच्या एका बंदुकांच्या दुकानात कारागीर होतो. शाळा चौथीपर्यंत. जुनी पितळी काडतुसं परत भरून द्यायचं माझं काम. दारू नि ती पेटवणाऱ्या टोप्या दुकानातच राहायच्या, घरी मी नुसत्या शिशाच्या गोळ्या निवडायला आणायचो. देश खुला झाला म्हणत होते, तेव्हाची गोष्ट. बाहेरचं थंड प्यायला मिळायला लागलं, गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या उगवल्या, पण आजोबाच्या बंदुकीचं काडतूस कुठं मिळेना. म्हणून आमचं दुकान चाललं.

त्या आठवड्यात एका जमीनदाराच्या नातवाचं काम होतं. चाळिशीचा माणूस. शेतात रानडुकरं घुसायची, मारायचा परवाना त्याला मिळाला होता. बंदूक जुनी, मोठ्या शिकारीची, चापाभोवती कडी असलेली. कडी खाली ओढून वर घेतली की पुढचं काडतूस चढतं.

तो म्हणाला, "उस्ताद, नोकवाली डालो. टीव्ही पे देखा मैं, दूर तक जाती."

मी म्हटलं, "गोली दूर जाती, मगर पहले तुमारा हाथ सलामत घर कू जाना."

त्या बंदुकीत काडतुसं खालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक लोटतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडावर टेकतं, आणि बुडात टोपी असते. टोक अणकुचीदार असलं तर बार उडाल्याच्या धक्क्यानं टोपी नळीतच फुटायची. म्हणून तिला सपाट डोक्याचीच गोळी लागते, नि डुकराला तीच बरी. त्यानं तोंड वाकडं केलं, पण ऐकलं.

घरी माझे दोन डबे होते. एकात टोकदार गोळ्या, त्यावर मी खिळ्यानं लिहिलं होतं 'नोक'. दुसऱ्यात सपाट, त्यावर 'नको', म्हणजे नोक नको. निदान मला तसं लिहायचं होतं. काना-मात्रा मला कधी जमल्या नाहीत. दोन्हींवर 'नक' झालं.

ती सातवी शिकलेली. हसून हसून तिला ठसका लागला. "अहो, दोन्ही डबे नक. तुमच्या नाकाचे का?"

"मला कळतंय ना कुठला कुठला."

"तुम्हाला कळतंय. डोळ्यात मोतीबिंदू आणि म्हणे कळतंय. काना-मात्रा न ला दिली की नोक, क ला दिली की नको. एवढं तरी शिका."

मी शिकलो नाही. डब्यावर तिचा भरवसा नव्हता. काही टोकं घासून अर्धी बोथट झालेली असायची, माझ्या डोळ्याला ती सपाटच वाटायची. म्हणून ती प्रत्येक गोळी पोळपाटावर डोक्यावर उभी करायची. उभी राहिली तर सपाट, पडली तर टोकाची.

त्या दुपारी निम्म्या झाल्या आणि ती म्हणाली, "दम लागतोय. उरलेल्या उद्या बघते."

"राहू दे की," म्हणून मी उरलेल्या गोळ्या न बघता तपासलेल्यांच्या डब्यात ओतून टाकल्या. संध्याकाळी पाचच्या सुमारास ती गेली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

मुलगी नांदेडहून सकाळच्या गाडीनं यायची होती, म्हणून अंत्यविधीला थांबायचं ठरलं. सकाळी दुकानाचे मालक, सेठ, भेटायला आले. बाहेरच्या खोलीत हात जोडून बसले. जाताना हळूच म्हणाले, "उस्ताद, डब्बा दे देव. आज दुसरा आदमी भर देगा. तुम घर संभालो."

डबा समोर फळीवर होता. तो तसा दिला असता तर दुसरा माणूस बघणार नव्हता, त्यानं 'नक' वाचलं असतं नि टोकाच्यांसकट भरून टाकलं असतं.

मी म्हटलं, "बैठो थोडा."

आत जाऊन पोळपाट घेतला. मेव्हणी दारात येऊन उभी राहिली. "भावजी, आत्ता हे? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

एकेक गोळी डोक्यावर उभी केली. बायकोचा हात हलका होता, माझा जड, म्हणून चांगल्याही पडायच्या. पडलेली तीनदा बघायची असं ठरवलं. सेठ बाहेर बसून राहिले. शेवटी दोन गोळ्या काही केल्या उभ्या राहिनात. त्या टोकाच्या डब्यात टाकल्या.

मग खिळा घेतला. सपाट गोळ्यांच्या डब्यावर, क ला, एक काना आणि वर एक मात्रा ओढली. वाकडीच आली. डबा सेठना दिला.

तेवढ्यात खाली रिक्षा थांबली. मुलगी आली होती. मी पोळपाट धुऊन भिंतीला टेकवून ठेवला आणि तिला घ्यायला खाली गेलो.